पाचला बंद होणारी खिडकी

आमच्या हिला कचेरीत सगळे 'फ्रीज' म्हणतात. पाठीमागे नाही, अगदी तोंडावर म्हणतात, आणि ती हसते. मला ते नाव आवडत नाही. बायकोला कुणी टोपणनाव ठेवलं याचं काही नाही, पण ते माझ्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी सुचलं हे खटकतं.

ती पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसते. नळाला पाणी आलं नाही, आलं ते गढूळ आलं, मीटर उगाच पळतो, वरच्या मजल्यावरच्याने पंप लावून सगळं ओढून घेतलं, असं शहरात जे जे घडतं ते संध्याकाळपर्यंत हिच्या कानावर येऊन आदळतं. खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक आहे. त्यातून बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागतं, आणि वाकून भांडणारा माणूस उभ्याने भांडणाऱ्यापेक्षा दुप्पट चिडतो. ते भोक पाडणाऱ्याला हे कुणी सांगितलं नसावं. दुपारपर्यंत काचेवर थुंकीचे शिंतोडे उडालेले असतात. जेवायच्या सुट्टीत ही ओल्या फडक्याने काच दोन्ही बाजूंनी पुसते, मग जिना चढून गच्चीवर दोन-चार फेऱ्या मारते आणि परत येऊन बसते. टेबलाखाली चपला काढून तळवे गार फरशीला लावायचे, समोरचा ओरडत असला की घोट घोट पाणी प्यायचं, आणि तो दम घ्यायला थांबला की म्हणायचं, "लिहून घेतलं. आणखी काही?" या 'आणखी काही'पुढे भले भले गार पडतात. बहुतेकांना आणखी काही आठवतच नाही.

हिच्या आधी त्या खिडकीत तिघं होऊन गेले. एकाला रक्तदाब जडला. एकीने रडून बदली मागून घेतली. तिसऱ्याने एका तक्रारदाराला स्टेपलर फेकून मारला, नेम चुकला म्हणून नोकरी वाचली. मग हिला बसवलं, ती आजतागायत बसली आहे.

मी काटे दुरुस्त करतो. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे, वजनाचे सगळे काटे. धंदा असा की रोज कुणाचं तरी माप खोटं निघतं, त्यामुळे माणसाची नजर जराशी चौकस होते. लोक त्याला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. शेजारच्या वहिनी तर उघड म्हणतात की शांतपणात मी हिच्या पासंगालाही पुरणार नाही. पासंग म्हणजे पारडं समतोल यावं म्हणून बांधतात तो चिमूटभर तुकडा. तेवढासुद्धा मी नाही, आणि हे मला, काटेवाल्याला ऐकवायचं!

खरं सांगायचं तर मला त्या खिडकीतल्या लोकांचा हेवा वाटतो. दिवसभर हिचे दोन्ही कान त्यांचे. कुणीही उपटसुंभ येतो, वाकतो, आणि हिच्या डोळ्यांत बघून मनातलं सगळं ओततो. माझ्या वाट्याला येते ती ऐकून ऐकून संपलेली बायको. म्हणून संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी आमच्या गॅलरीत उभा राहतो. खिडकी पाचला बंद होते, बस चौकात लगेच मिळते, म्हणजे साडेपाचला ही दारात हवी. येते सहाला. ती जिना चढते ते मला पावलांवरून कळतं. पर्समधून तिने किल्ली काढायच्या आत मी दार उघडलेलं असतं.

"उशीर का झाला?"

"गर्दी होती."

"कुणी भेटलं का?"

"कोण भेटणार?"

"मग कुणाशी बोलत होतीस?"

"चहा टाकू का तुम्हाला?" ती म्हणते, आणि आत जाते. कधी आवाज चढत नाही, भांडं आपटत नाही. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ही एकदाही रडलेली नाही. मीही दारातले प्रश्न एक दिवस चुकवले नाहीत. बायकोची एवढी चौकशी कोणता नवरा करतो, सांगा.

तर अशात कचेरीत मोजणीवाली आली. हे नाव मात्र मी ठेवलं आहे. ती विद्यापीठातली बाई, वयाने आमच्या हिच्याहून बरीच लहान, केस कापलेले, पाठीवर पिशवी. तिचं म्हणणं असं की ओझं सगळ्यांवर सारखंच असलं तरी काही माणसं मोडतात आणि काही मोडत नाहीत. मग न मोडणाऱ्यांच्या गाठीला काय असतं? शरीराची ताकद, डोक्यातले विचार, आपली म्हणावी अशी माणसं, कशावर तरी श्रद्धा आणि मन मोकळं करायची वाट, असे पाच कप्पे तिने केले होते. ती एकेक वाक्य वाचायची आणि समोरच्याने 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत काय ते सांगायचं. मला पुरेशी झोप लागते. चूक झाली तर मी स्वतःला माफ करू शकते. राग आला तर मी तो बाहेर काढते. अशी बरीच वाक्यं. कचेरीतल्या सगळ्यांना तिने असं तोलून काढलं.

आणि पहिली कोण आली? आमची फ्रीज. सगळ्या कचेरीत सगळ्यात वर. साहेबाच्याही वर, शिपायाच्याही वर, आणि शिपाई तर रोज ध्यानाला बसतो म्हणे.

हिने हे मला चहा गाळता गाळता सांगितलं, जणू भाजी स्वस्त झाल्याचं सांगावं. मी अभिनंदन केलं. मनातून जळून खाक झालो होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या मापांची दुरुस्ती मी करतो, आणि माप कुणाचं घेतलं, तर हिचं!

पुढे मोजणीवालीला वाटलं की एवढी भरभक्कम बाई घरी कशी असते तेही बघावं. ती एका शनिवारी आमच्या घरी आली. मी दुकान बंद ठेवून ठाण मांडून बसलो. ही म्हणाली, "तुम्ही गेलात तरी चालेल." चालेल कसं? माझ्या घरात माझ्या बायकोचं मोजमाप होणार आणि मी भाजीवाल्याचा काटा खोलून बसू?

आधी मीच म्हटलं, "मलाही मोजा."

मोजणीवाली हसली, पण तिने वाक्यं वाचली. मी प्रत्येकाला ठणकावून 'नेहमी' म्हटलं. झोप? नेहमी. माफी? नेहमी. दुसऱ्यांच्या यशाचा आनंद? नेहमी, नेहमी. शेवटी ती म्हणाली, "काका, इतकं चांगलं कुणाचंच नसतं. तुम्ही पारड्यावर अंगठा ठेवलात." आमची ही पदराआड हसली. हसू दे. मी मुकाट्याने चहाचा कप उचलला.

मग हिची पाळी. मोजणीवालीने लहानपणाचं विचारलं. ही सांगू लागली: पाच बहिणी, घर छोटं, एक न्हाणीघर, प्रत्येक गोष्टीला रांग. घराला लागूनच लाकूड कापायचा कारखाना होता, मोठी गोल करवत दिवसभर चालायची. पाहुणे म्हणायचे, या आवाजात तुम्ही राहता कशा? "आम्हाला तर तो आवाज फार आवडायचा," ही म्हणाली. "करवत सुरू झाली की आम्ही बहिणी मागच्या भिंतीपाशी पळायचो. तिथं काहीही बोललं तरी कुणाला कळायचं नाही." हे काही मोजायच्या कामाचं नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी मुख्य प्रश्नाची वाट बघत होतो.

तो आला. "तुमची जवळची माणसं कोण? दिवस वाईट गेला की आधार कुणाचा वाटतो?"

हिने बोटांवर मोजलं. "थोरली बहीण. शेजारच्या खिडकीतली माझी जोडीदारीण." मग रिकामे कप एकात एक घातले. "आणि चावीवाले."

मी हातातला कप खाली ठेवला.

मोजणीवालीने माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

"हे आहेतच की," ही म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

ती आत असताना मोजणीवालीने हळूच मला विचारलं, "काका, या रागावल्या की घरी काय करतात?"

"रागावत नाही ती. फ्रीज आहे."

तिच्या कपाळाला आठी पडली. "गंमतच आहे. मन मोकळं करायच्या कप्प्यात तर यांचे गुण सगळ्यांहून जास्त आहेत. राग आला तर बाहेर काढते, याला 'नेहमी' म्हणाल्यात. आणि त्या उगाच काही सांगणाऱ्यांतल्या नाहीत, ते माझ्या लक्षात येतं." शेवटचं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे जरा जास्तच बघितलं, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. दोन गोष्टी डोक्यात फिरत राहिल्या. पहिली, 'हे आहेतच की'. भिंत आहेच की. पायपुसणं आहेच की. मी कोणत्या कप्प्यात आहे, की कुठल्याच नाही? दुसरी त्याहून वाईट. राग बाहेर काढते, नेहमी काढते, आणि घरी कधीच काढत नाही, तर मग काढते कुठे? कुणापाशी?

मी सरळ विचारलं. मी आडपडदा ठेवणारा नाही.

"हा चावीवाला कोण?"

"कोपऱ्यावरचे. त्यांच्या टपरीसमोर बाक आहे. थोडा वेळ बसते, मग बस धरते."

"काय बोलता तुम्ही?"

"ते काहीच बोलत नाहीत."

"बोलत नाही तो माणूस जवळचा कसा झाला?"

"म्हणूनच झाले," ती म्हणाली, आणि कणीक मळायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी ही बाजारात गेली असताना मी शर्टाचं बटण लावायला सुई शोधत होतो. हिचा शिवणाचा डबा उघडला, तर दोऱ्याच्या रिळांखाली किल्ल्या. नव्या कोऱ्या, पिवळ्या, पंधरा-वीस तरी असतील. एवढ्या किल्ल्या कुठल्या? बाईमाणसाला किती दारं लागतात? मी एकेक घेऊन घरातलं प्रत्येक कुलूप बघितलं. मुख्य दार, कपाट, माळ्यावरची ट्रंक, सायकल, माझ्या दुकानाचं शटर. एकही लागली नाही. म्हणजे या किल्ल्या दुसऱ्या कुठल्या तरी दाराच्या होत्या, आणि ते दार कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सोमवारी भल्या सकाळी मी त्यातल्या चार खिशात टाकून कोपऱ्यावर गेलो. टपरीला जाडजूड कुलूप होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, फक्त एक झाडूवाला लांब होता. पहिली किल्ली आत जाईना. दुसरीही जाईना. तिसरी गेली! मी फिरवली, फिरेना. जोर लावला. आणखी लावला. कट्ट आवाज झाला आणि अर्धी किल्ली माझ्या हातात, अर्धी कुलपात राहिली. किल्ली लागली नाही याचा आनंद मानावा की पळावं, हे मला क्षणभर ठरवता आलं नाही. मग मी पळालो.

पण त्या माणसाला बघितल्याशिवाय चैन पडेना. दुपारी गिऱ्हाईक म्हणून गेलो. मला वाटलं होतं पहिलवान असेल. तो निघाला माझ्याच वयाचा, किडकिडीत, जाड चष्म्याचा. केस मात्र डोकंभर, आणि सगळे काळे. मी टोपी नीट केली. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते, कारण किल्ली कापायचं मशीन असं किंचाळतं की दात शिवशिवतात. मी तीनदा ओरडलो तेव्हा त्याने एका कानातला बोळा काढला.

"कुलूप नवीन दिसतंय," मी म्हटलं. आपण होऊन हे बोलायची काही गरज नव्हती.

"हो ना," तो म्हणाला. "सकाळी कुणीतरी जुन्यात किल्ली मोडून ठेवली. आणि किल्ली बघितली तर माझ्याच हातची, बाद झालेली. माझ्याच कुलपात! चोर म्हणावं तर इतका बावळट चोर मी पाहिला नाही."

त्याने बोळा परत कानात घातला. मी नको असलेली एक किल्ली करून घेतली आणि टपरी नीट बघून ठेवली. शेजारी झेरॉक्सवाल्याचं दुकान, मध्ये फक्त पातळ फळी. चावीवाल्याच्या मशीनची वायर त्या फळीखालून झेरॉक्सवाल्याकडे गेली होती. प्लग जुना आणि सैल होता, आणि तो हलू नये म्हणून काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवली होती. आणि देवाची कृपा अशी की झेरॉक्सवाल्याकडे पाकिटं तोलायचा एक छोटा काटा आहे, जो मीच त्याला विकला होता.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी मी तिथे हजर. "काटा तपासून देतो, फुकट," म्हटलं. फुकट शब्दाला नाही कोण म्हणतो? तो गिऱ्हाइकांत गुंतला. मी फळीमागे जमिनीवर बसकण मारली, काटा खोलून मांडीवर ठेवला आणि फळीच्या फटीला डोळा लावला. आज सोक्षमोक्ष लावायचा होता. माझ्या बायकोच्या मनात माझी जागा कुठे आहे, आहे की नाही, ते आज कळणार होतं.

खिडकी बंद करून ही आली. बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली. ना नमस्कार, ना हसणं. चावीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि कानातले बोळे अंगठ्याने आणखी आत दाबले. खूण असणार, मी मनात म्हटलं. मग त्याने बाद किल्ल्यांच्या डब्यातून एक उचलली, शिवणाच्या डब्यात होती तसलीच पिवळी, मशीनला लावली आणि बटण दाबलं.

मशीन किंचाळायला लागलं. आणि माझ्या बायकोने तोंड उघडलं.

मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. चेहरा लाल, कपाळावर शीर टच्च फुगलेली, एक हात हवेत, बोट कुणावर तरी रोखलेलं. ती बोलत नव्हती, ओरडत होती. पोटातून, सगळा जीव लावून, मध्येच मूठ गुडघ्यावर आपटून. एक शब्द ऐकू येत नव्हता. चावीवाला मान खाली घालून किल्ली घासत होता, आणि रस्त्यावरून लोक सरळ जात होते, कारण मशीनच्या आवाजापुढे सगळेच मुके दिसतात.

तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं. अजिबात नाही. मला इतका हेवा कधी वाटला नव्हता. ते हातवारे, ती शीर, तो सगळा सणसणीत राग माझ्या घरात एकदाही आला नव्हता. लग्नाच्या बायकोचा राग एका परक्या चष्मेवाल्याला, आणि मला चहा! दिवसभर लोक हिला काय काय बोलतात ते ही मला का नाही सांगत? मी रोज दारात उभं राहून विचारतो ना?

काय बोलते आहे ते मला ऐकायचंच होतं. प्लग माझ्या गुडघ्याशी होता. मी तो ओढून काढला.

मशीन गप्प झालं. हिचा आवाज मात्र राहिला, सगळ्या कोपऱ्यावर, खणखणीत:

"...दार उघडायच्या आधी प्रश्न! कुठं होतीस, कुणाशी बोललीस, का उशीर! अहो, ती खिडकी पाचला बंद तरी होते! हा माणूस बंदच होत नाही!"

समोरच्या फळवाल्याच्या हातातलं फळ हातातच राहिलं. झेरॉक्सवाला मान वळवून बघायला लागला. पलीकडे बसच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. चावीवाल्याला बिचाऱ्याला काहीच कळलं नाही. त्याने मशीनला दोन थपडा मारल्या, मग वायरीवरून नजर फिरवत फळीच्या कडेपर्यंत आला. हिची नजर त्याच्या नजरेमागून आली. फळीच्या कडेला मी होतो, जमिनीवर, मांडीवर खोललेला काटा आणि हातात प्लग.

मला वाटलं ती घाबरेल. लाजेल. निदान 'तुम्ही इथे कसे?' एवढं तरी विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिने काहीच विचारलं नाही. काचेच्या भोकातून रोज ज्या नजरेने ती लोकांकडे बघत असेल त्या नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खिडकीसमोर उभा होतो, म्हणजे बसलो होतो. कोणत्या कप्प्यात आहे हा प्रश्न मिटला होता. मोजणीवालीने गाठीला काय आहे ते मोजलं होतं. मी ओझ्याच्या बाजूला होतो, आणि तिथला चांगला वजनदार ऐवज होतो.

"मला वाटलं..." मी म्हटलं.

"लावा ते परत," ती म्हणाली. "माझं अजून झालं नाही."

मी प्लग भोकात घातला. पण पुठ्ठ्याची घडी कुठेतरी पडली होती. मशीन क्षणभर कण्हलं आणि बंद पडलं. ही थांबली, वाट बघत राहिली. मी गुडघ्यांवर वाकून फरशी चाचपली, घडी काही सापडेना. हात सोडला की प्लग सुटायचा. मग मी तो दोन्ही हातांनी आत दाबला, आणि मशीन किंचाळायला लागलं.

तिने पुन्हा तोंड उघडलं. बोट रोखलेलं, शीर फुगलेली. या वेळी बोट कुणाकडे आहे हे मला ठाऊक होतं. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. चावीवाल्यालाही येत नव्हतं, तरी त्याचा हेवा काही गेला नाही. तो निदान बाकासमोर होता. माझे हात भरून आले, मांडीवरून काट्याचे स्क्रू घरंगळले, झेरॉक्सवाला काहीतरी विचारत होता त्याच्याकडे मी बघितलं नाही. सहा वाजून गेले असतील. गॅलरीत कुणी उभं नव्हतं. तिचं होईपर्यंत मी प्लग धरून ठेवला.